ब्राउझरची पुरवणी आणि मधली भिंत



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं थोडा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत बँकेचा व्यवहार, विजेचें बिल, मुलांचा अभ्यास व आगगाडीचें तिकीट हीं सर्व कामें संगणकाच्या पडद्यावर होतात, त्या घराशीं या विषयाचा अगदीं निकटचा संबंध आहे. वेबवरील पानें पाहण्यासाठीं ब्राउझर नांवाचा जो प्रोग्रॅम आपण रोज उघडतों, त्याला आणखी लहान लहान प्रोग्रॅम जोडतां येतात. त्यांना इंग्रजींत एक्स्टेन्शन म्हणतात. परीक्षेच्या दालनांत मूळ उत्तरपत्रिका अपुरी पडली म्हणजे विद्यार्थी पुरवणी मागून घेतो व ती दोऱ्यानें मूळ पत्रिकेस बांधतो. पस्तीस-छत्तीस वर्षें वर्गांत काढलेल्या माणसाला एक्स्टेन्शनसाठीं पुरवणी हाच शब्द सुचावा यांत नवल नाहीं. आजच्या भाषणांत मी तोच वापरणार आहें.

जाहिराती झांकणारी पुरवणी, परवलीचे शब्द लक्षांत ठेवणारी पुरवणी, इंग्रजी लेखनांतील चुका दाखवणारी पुरवणी, अशा पुरवण्या आपल्यापैकीं कित्येकांच्या ब्राउझरमध्यें असतील. ही पुरवणी आणि आपण पाहतों तें पान यांच्यामध्यें ब्राउझरनें एक भिंत घातलेली आहे. ती कां घातली, प्रामाणिक कारागिरालाहि ती केव्हां केव्हां कां ओलांडावी लागते, आणि ओलांडतांना त्यानें काय सांभाळावें, हें आज क्रमानें पाहूं.

प्रथम मूळ भाषेविषयीं दोन शब्द. वेबवरील पान आरंभीं केवळ मजकूर व चित्रें यांचेंच असे. १९९५ सालच्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. पुढें त्याच वर्षीं तिला जावास्क्रिप्ट हें नांव मिळालें. या भाषेमुळें पान हालूं-बोलूं लागलें. बटण दाबतांच बेरीज होऊं लागली, अर्ज भरतांना राहिलेली जागा लाल रंगानें दिसूं लागली. परंतु याचा दुसरा अर्थ असा कीं, कोठल्या तरी अनोळखी माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम, आपण पान उघडतांच, आपल्याच यंत्रावर चालूं लागला. त्याला मोकळें सोडणें धोक्याचें होतें. म्हणून ब्राउझरनें त्याच्याभोंवतीं कुंपण घातलें. त्यानें यंत्रांतील फाइली वाचूं नयेत, आणि एका संस्थळाच्या प्रोग्रॅमानें दुसऱ्या संस्थळाची माहिती वाचूं नये, असे नियम त्याला लावले. लहान मुलांना खेळण्यासाठीं लाकडी चौकटींत वाळू भरून देतात. मूल त्यांत मनसोक्त खेळतें, पण वाळू घरभर होत नाहीं. त्या चौकटीवरूनच या बंदोबस्ताला सँडबॉक्स हें नांव मिळालें.

आतां पुरवणी येते ती या कुंपणाच्या बाहेरून, घरमालकाच्या परवानगीनें. तिला पानापेक्षां अधिक अधिकार असतात. ती अनेक संस्थळांवरून माहिती आणूं शकते, आपल्या नोंदी ठेवूं शकते, आणि ज्या पानांची परवानगी मिळाली असेल त्यांचा मजकूर वाचूं व बदलूंहि शकते. म्हणजे एकाच पानावर दोन निराळे प्रोग्रॅम एकत्र येतात. एक कमी अधिकाराचा व अनोळखी, दुसरा अधिक अधिकाराचा व आपण बोलावलेला. या दोघांनीं एकत्र नांदावें कसें, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न किती कठीण आहे तें २००५ सालीं कळून आलें. फायरफॉक्स ब्राउझरसाठीं ॲरन बुडमन यांनीं ग्रीसमंकी नांवाची एक पुरवणी केली होती. तिच्या साहाय्यानें कोणाहि हौशी माणसाला स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहून कोणत्याहि पानाचें रूप पालटतां येई. या छोट्या प्रोग्रॅमांना ग्रीसमंकीनें एक विशेष शक्ति दिली होती. त्यांना कोणत्याहि पत्त्यावरून माहिती मागवतां येत असे. अडचण इतकीच होती कीं, हे प्रोग्रॅम चालत ते पानाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांबरोबर, एकाच जागीं. पाहुण्यानें आपली किल्ली यजमानाच्या टेबलावर ठेवावी तसा हा प्रकार होता. त्या वर्षीं जुलै महिन्यांत मार्क पिल्ग्रिम यांनीं दाखवून दिलें कीं, एखादें दुष्ट पान ती किल्ली उचलून घेऊं शकतें, आणि मग वाचकाच्या यंत्रावरील फाइलीसुद्धां वाचूं शकतें. ग्रीसमंकीच्या कर्त्यांनीं तातडीनें नवी आवृत्ति काढून त्या विशेष शक्ति तात्पुरत्या काढूनच टाकल्या, आणि पुढच्या आवृत्त्यांत हौशी प्रोग्रॅमांना पानापासून निराळ्या जागेंत चालवण्याची व्यवस्था केली.

हें निराळें स्थान म्हणजेच आपली भिंत. तिची रचना नीट समजण्यासाठीं जुन्या पुणेरी वाड्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वाड्यांत मधोमध चौक असतो, आणि त्याच्या भोंवतीं बिऱ्हाडें असतात. चौकांतील तुळशीवृंदावन, नळ, वाळत घातलेले कपडे हें सर्वांना दिसतें व सर्वांना हाताळतां येतें. परंतु एका बिऱ्हाडाच्या खोलींतील पेटी दुसऱ्याला दिसत नाहीं. वेबच्या पानाचेंहि तसेंच आहे. पडद्यावर दिसणारा मजकूर, चित्रें, बटणें, रकाने यांची जी रचना ब्राउझर मनांत धरतो, तिला डॉम म्हणतात. तो झाला चौक. पानाचा प्रोग्रॅम आणि पुरवणीचा प्रोग्रॅम दोघेहि तो पाहतात व बदलतात. मात्र प्रत्येकाच्या जावास्क्रिप्टमधील राशि, सूत्रें व वस्तु ज्याच्या त्याच्या खोलींत राहतात. पानानें एखाद्या वस्तूला "खातें" असें नांव दिलें आणि पुरवणीनेंहि तेंच नांव दिलें, तरी त्या दोन भिन्न वस्तु होत. क्रोम ब्राउझरच्या परिभाषेंत या खोल्यांना आयसोलेटेड वर्ल्ड, म्हणजे विलग विश्व, असें नांव आहे.

गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्यें २०१० च्या आरंभीं पुरवण्या अधिकृतपणें सुरू झाल्या. त्याच वर्षीं ॲडम बार्थ, एड्रियन पोर्टर फेल्ट, प्रतीक सक्सेना आणि वर उल्लेखिलेले ॲरन बुडमन यांनीं या रचनेमागील विचार एका निबंधांत मांडला. एकदां पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्यांतलाच हा प्रकार म्हणावा लागेल! त्यांच्या योजनेचें सार असें: पुरवणीचे तुकडे पाडावे. जो तुकडा पानाच्या सान्निध्यांत काम करतो त्याला थोडेच अधिकार द्यावे. मोठे अधिकार असलेला तुकडा आंतल्या घरांत, पानापासून दूर ठेवावा. दोघांनीं एकमेकांशीं बोलावें तें केवळ निरोप पाठवून. म्हणजे ओसरीवरील नोकराला कोणी फसवलें, तरी तिजोरीची किल्ली त्याच्यापाशीं नसल्यामुळें नुकसान मर्यादित राहतें.

आतां कोणी विचारील कीं, एवढी उत्तम भिंत असतांना ती ओलांडण्याची गरजच काय? बहुतेक कामांना ती गरज नसते, हें प्रथम सांगितलें पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं कित्येक भारतीय भाषांतील वृत्तपत्रें आपापल्या स्वतंत्र फाँटांतून वेबवर निघत. तो फाँट यंत्रावर नसला कीं पानावर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसे. फायरफॉक्ससाठीं निघालेली पद्मा नांवाची पुरवणी असा मजकूर युनिकोडमध्यें पालटून वाचनीय करीत असे. हें काम सारें चौकांतलें. अक्षरें वाचावयाचीं, दुसरीं अक्षरें तेथें ठेवावयाचीं. पानाच्या खोलींत डोकावण्याचें कारणच नाहीं. जाहिरातीची चौकट झांकणें, अक्षरें मोठीं करणें, रंग पालटणें हींहि त्याच वर्गांतलीं कामें होत.

परंतु कांहीं कामें निराळीं असतात. अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक फ्राँटिअर फाउंडेशन या संस्थेची प्रायव्हसी बॅजर नांवाची पुरवणी आहे. पानें वाचकाचा गुप्तपणें माग काढतात काय, हें ती पाहते. कित्येक पानें वाचकाच्या यंत्रावर एक अदृश्य चित्र काढवून घेतात, आणि त्यांतील बारीक फरकांवरून, बोटाच्या ठशानें माणूस ओळखावा तसें, तें यंत्र ओळखतात. असें चित्र काढण्याची आज्ञा पानाचा प्रोग्रॅम आपल्या खोलींत बसून देतो. ती आज्ञा ऐकावयाची तर त्या खोलींत कोणी तरी बसला पाहिजे. दुसरें उदाहरण मेटामास्क या अंकीय चलनाच्या पाकिटाचें. संस्थळाच्या प्रोग्रॅमाला पाकिटाशीं बोलतां यावें म्हणून ही पुरवणी एक वस्तु मुद्दाम पानाच्याच खोलींत ठेवते. अशा वेळीं भिंत ओलांडणें हा अपराध ठरत नाहीं. कामाचें स्वरूपच तसें असतें.

ओलांडण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला व सर्वांत जुना मार्ग असा. पुरवणी चौकांत स्क्रिप्ट या नांवाचा एक नवा घटक आणून ठेवते. चौकांत आलेला असा घटक पानाचाच आहे असें ब्राउझर समजतो, आणि त्यांतील प्रोग्रॅम पानाच्या खोलींत चालवतो. कोणाच्या नांवें पाकीट चौकांतील खुंटीला अडकवावें, आणि तें त्याच्या घरांत जाऊन उघडलें जावें, तशी ही युक्ति आहे. हिचें वैगुण्य असें कीं, पानाचा मालक जी सुरक्षेची नियमावली लावतो, ती कित्येकदां अशा आयत्या वेळीं बसवलेल्या प्रोग्रॅमाला मज्जाव करते. शिवाय पानाचे स्वतःचे प्रोग्रॅम अगोदरच चालूं झाले असतील, तर आपला प्रोग्रॅम उशिरां पोंचण्याचा संभव असतो.

दुसरा मार्ग राजरस्त्याचा आहे. पुष्कळ लोक खिडकींतून आंत शिरतात असें दिसल्यावर शहाणा वाडामालक रीतसर दारच बसवून देतो. क्रोमनें २०२१ सालीं पुरवणीच्या प्रोग्रॅमाला "मेन वर्ल्ड" मध्यें, म्हणजे पानाच्या मुख्य खोलींत, चालवण्याची सोय दिली. २०२३ सालीं ती पुरवणीच्या घोषणापत्रांतच आगाऊ लिहून देण्याची व्यवस्था झाली, आणि २०२४ सालीं फायरफॉक्समध्येंहि मेन वर्ल्डची सोय आली. यामुळें वेळेवर पोंचण्याची अडचण बरीच दूर झाली, आणि कोणती पुरवणी मुख्य खोलींत जाते हें परीक्षकांनाहि वाचून समजूं लागलें.

तिसरा मार्ग फायरफॉक्सचा खास आहे. तेथील पुरवणीला पानाच्या वस्तु दिसतात त्या एका विशेष भिंगांतून. पानानें त्या वस्तूंत कांहीं लबाडीचा फेरफार केला असेल तर तो वगळून त्यांचें मूळ रूपच दिसतें. या भिंगाला एक्सरे दृष्टि म्हणतात. कारागिराला भिंग बाजूला सारून खरी वस्तु हाताळावयाची असेल, तर तसें स्पष्ट शब्दांत लिहावें लागतें. आणि आपलें एखादें सूत्र किंवा वस्तु पानाच्या हवालीं करावयाची असेल, तर त्यासाठीं निर्यात करण्याचें व प्रत काढून देण्याचें अशीं दोन स्वतंत्र साधनें दिलेलीं आहेत. भिंग काढल्यावर जें दिसेल त्यावर विश्वास ठेवूं नये, अशी सूचना त्या साधनांबरोबरच दिलेली असते.

येथवर जाण्याचा मार्ग झाला. खरी कसोटी पुढें आहे. पानाच्या खोलींत पाठवलेला आपला माणूस एकटा असतो. त्याला पुरवणीचे अधिकार तेथें मिळत नाहींत. कांहीं हवें असल्यास चौकांत उभें राहून त्यानें हांक मारावयाची, आणि आपल्या खोलींतील दुसऱ्या माणसानें ती ऐकावयाची. परंतु चौकांतील हांक सर्वांनाच ऐकूं येते, आणि कोणालाहि मारतां येते! "मी तुमचाच माणूस, अमुक संस्थळावरील माहिती आणून द्या," असा निरोप पानाचा प्रोग्रॅमहि पाठवूं शकतो. आवाजावरून खरें-खोटें ओळखण्याचा उपाय नाहीं. गुप्त खूण ठरवावी म्हटलें, तर ती खूण परक्याच्या खोलींत उच्चारली गेली कीं फुटली. एवढेंच नव्हे, तर पानाला आपल्या खोलींतील बेरजेचीं, यादीचीं, अक्षरें जुळवण्याचीं साधनें अगोदरच बदलून ठेवतां येतात. आपला माणूस तींच साधनें विश्वासानें वापरूं लागला कीं फसला.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. लास्टपास ही परवलीचे शब्द सांभाळणारी प्रसिद्ध पुरवणी. २०१७ सालच्या मार्च महिन्यांत गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या पथकांतील टॅव्हिस ऑर्मंडी यांनीं तींत एकामागून एक दोष दाखवले. एका दोषांत, चौकांतून आलेला निरोप कोणाचा हें न पडताळतां ओसरीवरील नोकर तो सरळ आंतल्या घरीं पोंचवीत असे. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. ब्राउझरांत एक जुनी रूढि आहे. पानावरील एखाद्या घटकाला नांव दिलें, आणि प्रोग्रॅमाजवळ त्या नांवाची स्वतःची वस्तु नसली, तर तें नांव उच्चारतांच तो घटक हातीं येतो. घटक चौकांतला, म्हणून तो दोन्ही खोल्यांतून दिसतो. यामुळें पुरवणी आपली समजून ज्या नांवांकडे पाहत होती, त्या नांवांचे घटक पानानें चौकांत मांडले, तर भिंत न ओलांडतांच पानाचा हात पलीकडे पोंचत असे. भिंतीला कोठें भोंक पडलें नव्हतें. दोन्ही बाजूंनीं दिसणाऱ्या चौकाकडे दुर्लक्ष झालें होतें. कंपनीनें हे दोष थोड्याच दिवसांत दुरुस्त केले. परंतु जेथें माणसाच्या साऱ्या किल्ल्या एकत्र असतात, तेथें असें घडूं शकतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या अनुभवांतून कारागिरांनीं जे नियम बांधले ते असे. जें काम चौकांत होण्याजोगें आहे, त्यासाठीं परक्या खोलींत जाऊं नये. जावेंच लागलें, तर लहानांत लहान प्रोग्रॅम पाठवावा, आणि त्याच्याजवळ कोणतेंहि गुपित देऊं नये. चौकांतून आलेला प्रत्येक निरोप परक्याचा आहे असें धरून तपासावा. आंतल्या घरानें "सांगाल तें करतों" असें वचन कधींच देऊं नये. "या एका पत्त्यावरून ही एक माहिती आणीन" इतकेंच मोजकें काम पत्करावें. मग खोटी हांक आली तरी तिच्यानें फारसें बिघडत नाहीं.

याच्या उलट दिशेचीहि एक भिंत आहे. आंतल्या घराला मोठे अधिकार असल्यामुळें तेथें, अक्षरांच्या ओळींतून आयत्या वेळीं प्रोग्रॅम बनवून चालवण्यास ब्राउझर मनाई करतो. कांहीं उपयुक्त साधनांना मात्र तसें केल्यावांचून चालत नाहीं. त्यांच्यासाठीं क्रोममध्यें घराच्या मागें एक वेगळी खोपटी बांधतां येते. त्या पानाला घोषणापत्रांत सँडबॉक्स असेंच म्हणतात. तेथें हवा तो प्रयोग करावा. पण त्या खोपटीला पुरवणीचा कोणताहि अधिकार नसतो, आणि घराशीं तिचा संबंध केवळ निरोपांचा असतो. आपल्या शाळांतील रसायनशाळा मुख्य इमारतीपासून थोडी दूर बांधीत, त्यामागील शहाणपण हेंच होतें.

२०२१ च्या आरंभीं आलेल्या मॅनिफेस्ट व्ही-थ्री या नव्या नियमावलीनें आणखी एक बंधन घातलें: पुरवणीचा सर्व प्रोग्रॅम तिच्या गठ्ठ्यांतच असला पाहिजे, मागाहून दुसरीकडून प्रोग्रॅम आणून चालवतां येणार नाहीं. यामुळें तपासणी झालेली पुरवणी नंतर गुपचूप वेष पालटण्याची भीति कमी झाली. पण ग्रीसमंकीच्या परंपरेंतील पुरवण्यांचें सारें कामच वाचकानें आणलेले प्रोग्रॅम चालवण्याचें. त्यांची कोंडी झाली. म्हणून २०२३ च्या अखेरीस क्रोमनें त्यांच्यासाठीं स्वतंत्र सोय केली. मात्र ती वापरण्यासाठीं वाचकानें स्वतः सेटिंगांत जाऊन एक कळ फिरवावी लागते. या रचनेंत निर्णय अखेर घरमालकाच्या हातीं ठेवला आहे, आणि मला तरी तें योग्य वाटतें.

आतां घरमालकानें, म्हणजे आपण, काय करावें? पुरवणी जोडतांना ब्राउझर जी परवानगी मागतो, ती आपण बहुधा न वाचतांच देतों. सर्व संस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी पुरवणीनें मागितली, तर त्या "सर्व" मध्यें आपल्या बँकेचें पानहि आलें, हें ओळखावें. क्रोममध्यें प्रत्येक पुरवणीच्या तपशिलांत, ती सर्व संस्थळांवर चालावी, ठराविक संस्थळांवर चालावी, कीं आपण कळ दाबूं तेव्हांच चालावी, हें ठरवतां येतें. शक्य तेथें शेवटचा पर्याय घ्यावा. जी पुरवणी वापरांत नाहीं ती काढून टाकावी. रिकामें बिऱ्हाड उघडें ठेवूं नये. पुरवण्या व ब्राउझर यांच्या नव्या आवृत्त्या येऊं द्याव्या, कारण वर सांगितलेल्या दोषांच्या दुरुस्त्या याच वाटेनें आपल्या घरीं येतात. घरांतील मुलें पुरवणी बसवीत असतील तर तीवर रागावण्याऐवजीं, ही काय काय वाचूं शकते, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावा व उत्तर शोधावयास लावावें. हा अभ्यास कोणत्याहि गृहपाठाइतकाच उपयोगी आहे.

भिंत बांधणारा आणि ती रीतीनें ओलांडणारा हे दोघेहि त्याच वाड्याचे हितचिंतक असूं शकतात. अट एवढीच कीं, ओलांडणाऱ्यानें जातांना आपल्या किल्ल्या घरीं ठेवाव्या, आणि चौकांतील प्रत्येक हांकेला ओ देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आपण सर्वांनींहि परवानगीची कळ दाबण्यापूर्वीं तितकाच क्षण थांबावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.